काचेतलं पाणी

"तुमाले रोज याचं काम नाई, वानखेडे साहेब," शेठजी म्हणाले. "ओरिजिनल सर्टिफिकेट इथं भिंतीवर टांगू. महिन्यातून एकदा येऊन रजिस्टरवर सह्या करून जा. पगार खात्यात."

मी मांडीवरचा प्लास्टिकचा फोल्डर घट्ट धरला. त्यात ते सर्टिफिकेट होतं. नोकरी जाऊन सातवा महिना चालू होता, आणि एवढ्या दिवसांत माझ्याकडून काहीतरी हवं असलेले हे पहिलेच गृहस्थ भेटले होते.

आधी माझा धंदा सांगतो. मी फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट. बॉयलर म्हणजे कारखान्याचा कुकर, फक्त खोलीएवढा. आत पाणी, जाळ, आणि तयार झालेली वाफ पाइपातून मशीनकडे. घरचा कुकर उडाला तर छताला वरण लागतं. हा उडाला तर छत राहत नाही. म्हणून तो परीक्षा पास झालेल्या माणसाच्या देखरेखीखालीच चालवावा असा कायदा आहे. असा माणूस ठेवायचा तर पूर्ण पगार द्यावा लागतो. त्यावर काही मालकांनी तोड काढली आहे. माणूस घरी, त्याचा कागद भिंतीवर.

ज्या कापड प्रोसेसिंगच्या कंपनीत मी एकोणीस वर्षं काढली, तिनं आमचं डिपार्टमेंटच बंद केलं. एचआरच्या मॅडमनी आम्हा अकरा जणांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं, समोसा दिला आणि 'रिस्ट्रक्चरिंग' हा शब्द तीनदा उच्चारला. समोसा गार होता.

त्यानंतर मी पिपरी मेघेच्या घरात होतो, पण बसलो नव्हतो. पहाटे पाचला भोंगा नसला तरी डोळे उघडायचे. मग मी घरातले नळ आवळायचो. गळत नसलेलेही. फोनवर दर दहा मिनिटांनी मेल बघायचो. नोकरीच्या पोर्टलवर वय टाकलं की पुढचं पान उघडायला वेळ लागतो, असा मला दाट संशय होता. कुकरची दुसरी शिटी झाली की मी स्वयंपाकघरात हजर, गॅस बारीक करायला. माझी बायको सुनंदा शाळेत शिक्षिका आहे. सात महिने तिच्या एकटीच्या पगारावर घर चाललं आणि ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. ते जास्त लागायचं. एकदाच म्हणाली, "तुमच्यानं पूर्ण घर हालून राह्यलं. जरा बाहेर जाऊन या."

बाहेर तरी कुठे जाणार? कॉलनीत भाजी घ्यायला गेलो की कोणीतरी विचारायचंच, "सुट्टीवर काय, भाऊ?" म्हणून मी नालवाडीपर्यंत जाऊन भाजी आणू लागलो. दोन किलो वांग्यांसाठी एवढी पायपीट करणारा मी एकटाच असेन.

तर असा मी, आर्वी रोडवरच्या एका तेलगिरणीच्या ऑफिसात बसलो होतो. सरकीचं तेल काढायची गिरणी. सरकी शेकायला वाफ लागते, म्हणून बॉयलर. खरं सांगतो, मी हो म्हणायलाच गेलो होतो. मनाशी हिशेब पक्का होता: घरी सांगायचं, नोकरी लागली. रोज कामावर का जात नाही, असं सुनंदानं विचारलं तर पुढचं पुढे बघू.

"आमचा बॉयलर एकदम शांत आहे," शेठजी पुढे म्हणाले. "देवराव चालवते. पंधरा वर्षं झाली, काई झंझट नाई."

"एकदा बघून येतो," मी म्हणालो. सवयच ती. सही करायच्या आधी मीटर बघायचं.

"बघायचं काय त्याच्यात? पण जा, बघून या."

बॉयलर हाउसमध्ये पन्नाशीचा एक माणूस पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, कांड्या जाळात टाकत होता. हेच देवरावभाऊ. नमस्कार झाला. मी गेज ग्लाससमोर उभा राहिलो. ही बॉयलरच्या पोटाला जोडलेली काचेची उभी नळी. आत पाणी किती आहे, ते हिच्यात दिसतं. पाणी फार उतरलं तर आतल्या लोखंडी नळ्या कोरड्या तापतात, आणि तापल्या नळ्यांवर गार पाणी पडलं की संपलं.

काचेत पाणी अर्ध्याच्या वर होतं. छान. पण हलत नव्हतं.

चालू बॉयलरमध्ये पाणी उकळत असतं. काचेतलं पाणी सतत थोडं थोडं नाचतं. हे पाणी देवघरातल्या गडव्यातल्या पाण्यासारखं उभं होतं.

"सकाळपासून पाण्याचा पंप किती वेळा चालवला?"

"एकदाच," देवरावभाऊ अभिमानानं म्हणाले. "पाहा ना, लेव्हल उतरतच नाई."

"आणि पडताळ्याची दुसरी काच?"

"ते लीक होती. बंद केली."

ही काच खोटं सांगत असावी, असा मला संशय आला. त्याच वेळी डोक्यात दुसराही विचार आला, तोही सांगून टाकतो. हा बॉयलर अजून माझा नाही. गपचूप वर जावं, सही करावी, उद्या फोनवर काच साफ करायला सांगावं. मी तिथं नुसता उभा राहिलो. अर्धं मिनिट असेल. मग लक्षात आलं, की सही केली की हा माझाच बॉयलर. आणि ज्याच्यासमोर तो फुटेल तो माणूस माझ्या हातभर अंतरावर घाम पुसत होता.

काचेला वर वाफेचा कॉक, म्हणजे तोटी, असते, खाली पाण्याची. मी वरची बंद केली, तळाचा ड्रेन उघडला. आता खालून पाणी जोरात यायला हवं. आलं नाही. दोन थेंब पडले. खालची वाट गाळानं बुजली होती. काचेत दिसत होतं ते वरून आलेल्या वाफेचं गार होऊन साचलेलं पाणी. खरं पाणी किती आहे, कोणालाच माहीत नव्हतं.

"आग बंद करा. पंखे बंद. पंपाला हात लावू नका!"

"काऊन? शेठ बोंबलतीन!"

"बोंबलू द्या. तुम्ही पहिले इकडं या. पंधरा वर्षं करता आणि ड्रेन उघडून काच ब्लो करत नाही रोज?"

"कोणी सांगतलंच नाई, तर काय करू?" देवरावभाऊ चिडले, पण जाळाला वारा देणारे पंखे त्यांनीच बंद केले.

वाफ उतरली, गिरणी थांबली, शेठजी धावत आले. मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही.

"मी तुमाले सही कराले बोलावलं होतं," ते म्हणाले, "कारखाना बंद पाडाले नाई."

मी फोल्डर उचलला आणि स्टॉपवर येऊन उभा राहिलो. घरी सुनंदाला सगळं सांगितलं, सही करायला गेलो होतो तेही. तिनं ताट वाढलं आणि म्हणाली, "जेवा. कागद काय अन् फोटो काय, भिंतीवर टांगाची लई घाई नाई आपल्याले."

दोन दिवस मी पुन्हा नळ आवळत होतो. तिसऱ्या दिवशी शेठजींचाच फोन आला. आवाज बसलेला.

"बॉयलर थंडा करून उघडला. नळ्यांवर बोटभरच पाणी होतं."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"दुसऱ्या एकाचं सर्टिफिकेट भेटत होतं मले. पण देवराव आग लावाले तयार नाई. म्हणते, तो शिव्या देणारा साहेब आणा, नाईतर तुमीच लावा. सोमवारपासून रोज सकाळी सातले येजा."

पगार पहिल्यापेक्षा कमी आहे, बस दोन बदलाव्या लागतात. तरी मी गेलो, आजही जातो.

माझ्या रेझ्युमेत रेफरन्स म्हणून दोन जनरल मॅनेजरांची नावं होती. दोघांनीही सात महिन्यांत माझा फोन उचलला नाही. शेवटी शिफारस केली ती मला जेमतेम वीस मिनिटं ओळखणाऱ्या माणसानं, आणि त्यातली दहा मिनिटं मी त्याच्यावर ओरडत होतो. नोकरी शोधणाऱ्यांना एवढंच सांगेन: मुलाखतीला गेलात की मालकाला भेटाच, पण जिथं काम चालतं तिथल्या माणसाला आधी भेटा. तुमच्या चुकीनं मरणार असतो तो.