भिंतीपलीकडचा फोन

राउटर घ्यायला अंबाजोगाईला गेले, तेव्हा दुकानदाराला एकच विचारलं, "भिंतीपार जाईल का?" घाटनांदूरच्या आमच्या घराच्या भिंती दगडी, जाडजूड. त्यानं चार अँटेनांचा काढून दिला. नेट खरंच घरभर पोचलं आणि मला एक नवाच नाद लागला. राउटरच्या ॲपमध्ये कोणता फोन किती नेट खातो ते दिसायचं. नवऱ्याचा क्रिकेटवर, सासूबाईंचा कीर्तनावर. पण रोज दुपारी एक अनोळखी फोन जोडला जायचा आणि बराच वेळ नेट ओढत राहायचा. कोण असेल? पासवर्ड तर मी घराबाहेर कुणालाच दिला नव्हता!

एका दुपारी मी त्या फोनचं नेट बंद केलं आणि कान टवकारून बसले. लगेच भिंतीपलीकडून शेजारच्या मावशींचा आवाज आला, "आरं, दिसंना झालास की!" त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. मावशी एकट्याच घरी.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या शेंगा फोडत होत्या. "मीच दिला पासवर्ड," वर न बघताच त्या म्हणाल्या.

"मला विचारायचं तरी!" मी फणकारले.

"इरजण मागाया आली तर तुला इचारून देते का? चमचाभर दिल्यानं आपलं दही कमी झालं का कवा?"

मी गुपचूप नेट सुरू केलं. पलीकडे मावशी हसल्या. "दिसलास! जेवलास का, ते सांग आधी."