तप्त ग्रहावरचा एसी

गणपतीची मखरं आणि लग्नाची स्टेजं रंगवून माझं पोट चालतं. घाटकोपरच्या एका मॉलने मे महिन्याच्या सुट्टीत ‘दूरच्या तप्त ग्रहाची सफर’ काढली, तेव्हा ते काम घेतलेल्या माझ्या मित्राने मला बोलावलं. आम्ही भांडुपच्या एकाच चाळीत वाढलो. आता तो कोट घालतो.

“बिनधास्त रंगव रे,” तो म्हणाला. “तिकडे कोण जाऊन आलंय चुका काढायला?”

मी मात्र इमानदारीत वाचायला बसलो. आपल्या ताऱ्याला इतका चिकटून फिरणारा ग्रह, की त्याची एकच बाजू कायम भाजत असते. तिथे लोखंडाची वाफ होते, वारा ती काळोख्या बाजूला ढकलतो आणि तिथे लोखंडाचा पाऊस पडतो. इतक्या जवळ चंद्र टिकत असतील का, याची जाणकारांनाही खात्री नाही. पण जाहिरातीत चंद्र छापून झाले होते. मी दोन केले. एक ग्रहाच्या ओढीने लांबट झालेला, अंगभर भेगा, भेगांतून लाव्हा. दुसऱ्याचं कवच उडून गेलेलं, मागे धुळीची शेपटी. फोम तासता तासता मला त्या लांबट चंद्राची खरंच दया यायला लागली.

मॉलच्या मॅडम बघायला आल्या.

“हा गोल का नाही?”

“ग्रह ओढतोय ना त्याला, मॅडम.”

“मग नका ओढू.”

मित्राने लगेच मान डोलावली. फॅमिली येणार, त्यांना वेडावाकडा चंद्र कसा चालेल? लाव्हा गुलाबी झाला. लोखंडाच्या पावसाखाली चंदेरी छत्र्या आल्या. शेपटीवाल्या चंद्राला झोपाळा लागला, जोडप्यांच्या फोटोसाठी. लांबट चंद्र वाचवायला मी थाप मारली, “बाजूने आंब्यासारखा दिसतो, मॅडम. सीझन आहे.”

“सो क्यूट!” म्हणत त्या गेल्या.

उद्घाटनालाच एसी बंद पडला. दारात ही रांग. मित्राने माईक घेतला, “मंडळी, घाबरू नका! ही या ग्रहाची खरीखुरी हवा आहे!” टाळ्या पडल्या. घरात एसीशिवाय झोप न येणारी माणसं घाम पुसत बाहेर आली, ती “एकदम रिअल” म्हणत. दुसऱ्या दिवशी एसी सुरू झाला, तर एक काकू भांडायला उभ्या. “काल माझ्या जावेला छान उकडलं होतं. मग आम्हालाच का नाही?”

मित्राने स्वतःच्या हाताने एसी बंद केला.

आत कॉलेजच्या काही मुली चंदेरी सूट आणि हेल्मेट घालून अंतराळवीर म्हणून उभ्या असायच्या. त्यातल्या कांदिवलीहून येणाऱ्या मुलीला मी विचारलं, “पाणी देऊ का गं?”

“नको दादा. हेल्मेट काढायचं नाही म्हणालेत सर.”

थोड्या वेळाने ती झोपाळ्याशेजारी कोसळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोबाईल वर झाले. “काय झकास पडली!” कुणीतरी म्हणालं. मी धावलो, हेल्मेट ओढून काढलं. चेहरा लालबुंद, केस घामाने निथळत. “अरे, खरंच चक्कर आलीये तिला!” मी ओरडलो, तरी मागचे लोक पुढच्यांना बाजूला व्हायला सांगत होते, दिसत नव्हतं म्हणून.

तिला बाहेर नेऊन पाणी पाजलं. मग मी मित्राला गाठलं.

“एसी लाव.”

“पब्लिकला आवडतंय यार.”

“मग झोपाळाही नाही,” म्हणत मी शिडी लावली आणि त्याचा दोर कापायला घेतला. तो खालून माझा पाय ओढत होता, शिव्या देत होता. पण रांग बघत होती, म्हणून शेवटी त्याने एसी लावला.

ती मुलगी बाकावर बसली होती. घरी जातेस का, विचारलं तर म्हणाली, “नाही. पण ते डोक्यावर नाही घालणार मी आता.” आणि बिनहेल्मेटची आत जाऊन उभी राहिली. मित्राने तिला तसंच उभं राहू दिलं. माझ्याशी मात्र तो त्यानंतर बोललाच नाही. चाळीच्या पूजेला समोर आला की अजूनही मोबाईलमध्ये बघतो.