डॉक्टरांचा एक शब्द

१९९४ साल, माझं वय चौसष्ट. शाळा चौथीपर्यंतच, पण माझ्या सोनारकामाच्या दुकानातल्या कारागिरांकडून मी बंगाली शिकलो होतो आणि त्याचा मला तोरा होता. त्यांच्यातला बिमल चिडवायचा, "काका, तुमची बांगला म्हणजे माशाशिवाय भात."

त्याच बिमलच्या डोक्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, "रिस्क आहे, आजोबा. त्याच्या बायकोला तिच्या भाषेत सांगा, मग सही घेऊ."

कापणं, शिवणं सांगता आलं. रिस्क कशी सांगणार? शेवटी म्हणालो, "नथीला डाख देऊन सांधतो ना, तसं, पोरी. ज्योत लावावीच लागते. सोनं जुळेल, नाहीतर वितळून जाईल."

बिमलच्या बायकोचा, मालतीचा चेहरा सैल झाला. "तुमचा डाख कधी चुकलाय का, काका?" ती हसून म्हणाली, आणि सही केली.

मी भीती सांगायला गेलो आणि तिनं भरवसा उचलला. परक्या भाषेत टाकलेला शब्द कुठे जाऊन पडतो, ते टाकणाऱ्याच्या हातात नसतं. तिच्या हसण्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, ऑपरेशनच्या आधी, मी दुसऱ्या दुकानातल्या बंगाली कारागिराला घेऊन दवाखान्यात गेलो. मालतीला म्हणालो, "काल मी काय सांगितलं, ते याला सांग. माझं चुकलं असेल तर हा नीट सांगेल."