नोराबाईंच्या आजोबांचं घर

आयर्लंडहून आलेल्या एका बाईंना मी गावचा कोंडवाडा त्यांच्या आजोबांचं घर म्हणून दाखवला.

हे असं सरळ एका वाक्यात मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. घरात बोललो नाही, सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत बोललो नाही. इकडं तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय. तुम्ही हसला असाल तर हसा. मीही यातला हसण्यासारखा भागच आधी सांगणार आहे. ती माझी जुनी खोड — आधी हसवून घ्यायचं, म्हणजे पुढचं ऐकताना माणूस जरा मऊ झालेला असतो.

कोंडवाडा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली मोकाट जनावरं धरून आणून ठेवायची ही सरकारी जागा. चार दगडी भिंती, एक दार, वर आभाळ. दंड भरायचा आणि आपली म्हैस सोडवून न्यायची. आता सांगा, अशा जागेला घर म्हणायला माणूस किती निर्ढावलेला हवा?

मी बारामतीत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर इतिहास सुचू लागला. नीरेच्या कालव्यावर इथल्या एका साप्ताहिकात चार लेख लिहिले आणि गावानं मला 'इतिहासवाले सर' करून टाकलं. त्यातलाच एक लेख कुणीतरी इंटरनेटवर चढवला, तो फिरत फिरत नोराबाईंपर्यंत पोचला. त्या सत्तरीच्या, निवृत्त परिचारिका. त्यांचे पणजोबा या कालव्यावर ओव्हरसियर होते. आजोबा इथंच जन्मले, लहानपणीच आयर्लंडला गेले आणि म्हातारपणापर्यंत सांगत राहिले, की आमच्या घरासमोर माणसांनी खोदलेली नदी होती. तिकडं कुणाला ते खरं वाटायचं नाही. थापाड्या म्हणून त्यांना चिडवायचे.

नोराबाईंनी त्यांच्या बाजूचं सगळं खणून काढलं होतं. चर्चची पुस्तकं, जहाजांवरच्या उतारूंच्या याद्या, शाळेचे दाखले. पुण्याच्या एका चर्चमधून आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंदही मिळवली होती, तीत पत्ता होता — कळसजवळची कालव्याची चौकी, तालुका इंदापूर. पुढं त्यांचे हात पोचत नव्हते. त्यांचा मला प्रश्न एवढाच होता : ते घर अजून उभं आहे का?

मी उलट टपाली कळवलं, काम झालंच समजा.

काम काय होतं? पाटबंधाऱ्याच्या कचेरीत जायचं, जुना नकाशा मागायचा, गावनकाशाशी ताडून बघायचा. मी गेलो का? आधी ऊन होतं. मग आंबे आले. मग डोळ्याचं ऑपरेशन. दरम्यान मी त्यांना लिहीत होतो, की रेकॉर्ड रूममध्ये शोध जोरात सुरू आहे. त्या खोलीची पायरीही मी चढलो नव्हतो, पण तिथल्या धुळीचं वर्णन मात्र असं केलं — दप्तरांची फडकी सोडताना उडणारी धूळ, तिनं मला लागलेला खोकला — की नोराबाईंनी काळजीनं खोकल्याच्या गोळ्या पाठवल्या. डबाभर. लिंबाच्या चवीच्या. मी त्या चघळत चघळत पुढचं पत्र लिहिलं.

आणि मग त्या आल्याच.

मुश्ताक बागवान माझा जुना विद्यार्थी. डाळिंबाचा व्यापारी, इंदापूर तालुक्यातला बागेचा बांध न् बांध त्याच्या पायाखालचा. त्याच्या जीपमधून आम्ही निघालो. वालचंदनगर मागं पडलं. ठरवलं होतं, की कळसला पोचल्यावर सांगून टाकायचं — बाई, घर सापडलं नाही. खरंच ठरवलं होतं. पण शेजारी बघतो, तर नोराबाईंनी आजोबांचा फोटो पिशवीतून काढून मांडीवर घेतलेला. आणि तोंड खिडकीकडं करून धरलेला. त्यांना दिसावं म्हणून.

तुम्ही काय केलं असतं? — नको, हा प्रश्न मागं घेतो. तुम्ही खरं बोलला असता.

कळसच्या अलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, नाहीतर गावकरी मलाच आत घालतील. तिथं रस्त्याकडंला दगडी भिंती दिसल्या, आत कडुनिंब वाढलेला, पलीकडं कालवा. मी म्हणालो, "गाडी थांबव." मुश्ताकनं आरशातून माझ्याकडं बघितलं. थांबवली.

त्यानंतर मी जे बोललो ते बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं. इथं ओसरी होती, म्हणालो. इथं चूल. छप्पर कौलारू होतं, वादळात गेलं. नोराबाईंनी विचारलं, खिडक्या कशा नाहीत? म्हणालो, आमच्याकडचं ऊन फार कडक, त्या काळी खिडक्या ठेवत नसत. मुश्ताकला ठसका लागला. भिंतीत एक लोखंडी कडी होती. बाईंनी विचारलं, ही कशाची? आणि मी — शाळेत मुलं खोटं बोलली तर त्यांना हात पुढं करायला लावणारा मी — म्हणालो, पाळण्याची.

बाईंनी त्या कडीवर हात ठेवला आणि त्या रडू लागल्या. आवाज न करता, बराच वेळ. मग रुमालात मूठभर माती बांधून घेतली. ती माती कशाची होती ते मी सांगायला नको.

संध्याकाळी त्यांना हॉटेलवर सोडल्यावर मुश्ताक एवढंच म्हणाला, "सर, आमची म्हस दोनदा तितं कोंडली हुती. तिचाबी पाळणा तितंच का?"

माती आयर्लंडला गेली. आजोबांच्या थडग्यावर पसरली गेली. सगळं खानदान जमलं होतं, नोराबाईंच्या भावानं भाषण केलं म्हणे — आजोबा खोटं बोलत नव्हते. कोंडवाड्यापुढं काढलेला आमचा फोटो त्यांच्या दिवाणखान्यात लागला. इकडं वाचनालयानं माझा सत्कार केला, शाल, नारळ, चार शब्द. दर नाताळला बाईंचं कार्ड यायचं, वर लिहिलेलं असायचं, 'आमचं घर शोधणाऱ्या माणसास'. ते मी टीव्हीच्या टेबलावर दिसेल असं ठेवायचो.

इथवर सगळं हसण्यासारखं. इथंच थांबलो असतो तर मी एक आळशी, बोलघेवडा म्हातारा ठरलो असतो — आणि खरं सांगू? तेवढं ठरायला माझी हरकत नव्हती. पण मला जे सांगायचंय ते कोंडवाड्याचं नाहीच.

दोनेक वर्षांनी मुश्ताकचा फोन आला. "सर, खरं घर घावलं बगा. कॅनॉलच्या भरावावर हाय. दगडी खोली न् वर धुराडं. आपल्यात धुराडं कोन बांधतंय?"

यावेळी मात्र मी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं चहा मागवला आणि नकाशा पसरला. कालव्याच्या रेघेवर ओव्हरसियरची चौकी स्वच्छ दाखवलेली होती, मुश्ताक म्हणत होता तिथंच. चहा निवायच्या आत काम झालं. तेवढंच काम होतं. बाई यायच्या आधीही तेवढंच होतं.

आम्ही दोघं तिथं गेलो. शेवंताबाई नावाच्या म्हातारीचा त्या खोलीत मुक्काम होता. तिचा नवरा पाटकरी, म्हणजे शेतांना पाळीनं पाणी सोडणारा. तो गेल्यावरही तिला कुणी उठवलं नव्हतं. आत शेकोटीची जागा होती, आयर्लंडातल्यासारखी. इंदापूरच्या उन्हात! त्या माणसाला घरची आठवण किती येत असेल, बघा. म्हातारीनं तिथं कोंबडी अंड्यांवर रवणीला बसवली होती. कालव्याकडं मोठी खिडकी, तिचा कट्टा इतका रुंद, की पोरगं आरामात मांडी घालून बसेल. दुपार होती. पाणी सुटलेलं होतं आणि त्यावरचा उजेड खिडकीतून आत येऊन छतावर हलत होता. सगळं छत हलत होतं. मी वर बघत उभाच राहिलो. एक पोरगं इथं उताणं पडून हेच बघत असेल, असं मनात आलं.

शेवंताबाईंना मुश्ताकनं सगळं सांगितलं. म्हातारी खूश झाली. मला म्हणाली, "तिच्या आज्याचं घर म्हंता न्हवं? मग ती माहेरवाशीणच की वो, सर. घिऊन या तिला. चोळी-बांगडी करीन म्या."

मी म्हणालो, "आणतो."

माझ्या खिशात मोबाइल होता. फोटो काढता येणारा. बॅटरी भरलेली होती. उजेड चांगला होता.

मी फोटो काढला नाही.

विसरलो नाही. मुद्दाम नाही काढला. फोटो असता तर तो कुणालातरी दिसला असता, आणि मग विचारलं गेलं असतं, की मग ते आधीचं घर कुणाचं? मला काय वाचवायचं होतं — नोराबाईंचं मन? मी स्वतःला तसंच सांगत आलो. त्यांनी थडग्यावर माती घातलीये, आता कशाला दुखवा. पण तुमच्याशी काय लपवायचं. मला माझी शाल वाचवायची होती. टीव्हीपुढचं ते कार्ड वाचवायचं होतं.

त्यानंतर मी त्या बाजूला फिरकलो नाही. मुश्ताक निरोप आणायचा, "मावशी इचारत हुती, पाव्हणी कवा येनार." मी म्हणायचो, बघू, थंडीत. दोन-तीन थंड्या गेल्या. मग तो निरोप आणायचा थांबला. माझ्याशी बोलणं त्यानं तोडलं नाही, डाळिंबं पाठवायचंही नाही. फक्त ते विचारणं थांबलं. पोराला सगळं समजलं होतं — आणि मला हायसं वाटलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

एका उन्हाळ्यात कालव्याकडचा रस्ता रुंद झाला. चौकी पडली. दगड भरावात गेले. शेवंताबाई लेकीकडं कऱ्हाटीला गेल्या. हे मला मुश्ताकनं सांगितलं.

म्हणजे बघा, एक बाई जगाच्या दुसऱ्या टोकाहून एक घर शोधत आली. ते घर उभं होतं. त्याच्या खिडकीशी चुलीवर चहा ठेवायला तयार असलेली एक म्हातारी होती. मधे फक्त मी होतो. आणि मी ते पडू दिलं.

पुढं मला पश्चात्ताप झाला आणि मी कबूल केलं, असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. तसं झालेलं नाही. यंदा नोराबाईंचं पत्र आलं, की नातू आर्किटेक्चर शिकतोय, त्याला घेऊन येते. त्याला माझ्या आजोबांच्या घराची मोजमापं घ्यायचीत. मी पत्र खाली ठेवलं. आर्किटेक्चर शिकणारं पोर कोंडवाड्यात टेप धरून उभं राहणार! हा सद्बुद्धीचा उगम. मी पकडला जाणार होतो, म्हणून बोललो.

परवा दुपारी व्हिडिओ कॉल लावला. तिकडं त्यांची सकाळ. मागं भिंतीवर तो फोटो दिसत होता — मी, त्या आणि कोंडवाडा. मी थांबत थांबत सगळं सांगितलं. जनावरांचं सांगितलं. कडीचं सांगितलं. खोकल्याचंही सांगितलं. मग खरं घर, ते मला केव्हा कळलं, ते कधी पडलं, आणि फोटो का नाही.

मग त्यांनी विचारलं, "कसं होतं?"

मी सांगू लागलो. इतकं जपून मी आयुष्यात कधी बोललो नसेन. शेकोटी, तिच्यातली कोंबडी. खिडकीचा रुंद कट्टा. छतावर हलणारा पाण्याचा उजेड, दुपारभर. शेवंताबाई आणि त्यांची चोळी-बांगडी. एक शब्द जास्तीचा घातला नाही, जे पाहिलं तेवढंच. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की ते घर आतून बघून त्यांच्या भाषेत त्यांना सांगणारा आता मी एकटाच उरलोय. दुसरं काहीच उरलेलं नाही, ना दगड, ना फोटो. मी.

नोराबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"फार सुंदर सांगितलंत," त्या म्हणाल्या. "पण पहिल्या वेळीही असंच सुंदर सांगितलं होतंत."