मधला खुटा

मासिकात येणाऱ्या अशा भुताखेतांच्या हकीगती वाचताना मी आधी आकडे शोधतो. किती वाजता, किती अंतरावरून, किती जणांनी पाहिलं. बहुतेक वेळा एकही सापडत नाही आणि मी पान उलटतो. करणी, भूतबाधा, अंगात येणं... घरात कुणी हे विषय काढले की मी उठून बाडीत निघून जायचो. त्यामुळे ही हकीगत माझ्याच बाडीतली आहे हे सांगताना मला आजही अवघडल्यासारखं होतं. तरी लिहितो, कारण यात एका बाईच्या जिवाचा प्रश्न होता, आणि यातला एक आकडा मी तिला खोटा सांगितला आहे.

आमचं गाव पूर्वेकडच्या धानाच्या मुलखातल्या गोरेगावपासून साडेचार मैलांवर. मी अकरा वर्षं तलावांच्या कामावर मोजणी केली, वडील थकल्यावर शेती पाहायला परत आलो. घरामागच्या भाजीच्या तुकड्याला आमच्याकडे बाडी म्हणतात. वडिलांनी वाटणी करताना ती मधोमध कापली. अर्धी थोरल्या भावाला, म्हणजे दादांना, अर्धी मला. दोन्ही तुकडे सारखेच, बत्तीस फूट रुंद आणि सत्तर फूट लांब. मी स्वतः टेप लावला होता. मधे ऐनाच्या लाकडाच्या नऊ खुट्यांवर बोरीच्या काट्यांचं, म्हणजे काटेरी फांद्यांचं कुंपण.

पावसात काट्या कुजतात, खुटे हलतात. म्हणून दसरा झाला, पाऊस उघडला की दरवर्षी तेच काम. वाळलेले वेल उतरवायचे, मांडव सोडायचा, गवत खुरपायचं, शेणखत टाकून वांग्याचे, मेथीचे, लसणाचे वाफे पाडायचे आणि शेवटी कुंपण नवं करायचं. त्यात एक नेम होता. पाचवा, म्हणजे मधला खुटा आधी गाडायचा, आणि त्याला दोन्ही घरांचा हात लागला पाहिजे. एकाने धरायचा, दुसऱ्याने ठोकायचा. वडिलांनी वाटणीच्या दिवशीच हे सांगून ठेवलं होतं. दादा होते तोवर ते धरायचे, मी ठोकायचो. ते गेल्यावर वहिनी येऊन धरू लागल्या.

ही गोष्ट घडली ती दादा गेल्यानंतरच्या चौथ्या शरदात. लढाई चालू होती. वहिनींचा मुलगा लढाईवर होता, मुलगी चिचगडला दिलेली, त्या घरात एकट्याच होत्या. माझी बायको लेकरांना घेऊन अर्जुनी मोरगावला माहेरी गेली होती, म्हणजे माझ्या घरातही मी एकटाच.

गुरुवारी सकाळी मी दोडक्याचा वेल बुडापासून कापला. वेल माझ्या बाजूला लावलेला, पण कुंपणावरून पलीकडे गेलेला होता. विळा खाली ठेवतो न ठेवतो तोच पलीकडून वहिनींचा आवाज आला.

"भाऊजी, काय करून राहिले?"

"साफसफाई. वेल संपला."

"संपला? माझ्याकडं बियाचं दोडकं लटकून हाय. त्याले लाल धागा बांधला, तो दिसला नाही तुमाले?"

"दसऱ्यानंतर वेल काढतो मी. दरवर्षी काढतो."

"वेलाले पंचांग वाचता येत नाही, भाऊजी. अजून आठ दिवस रस पायजे होता त्या बियाले. माझ्या मायच्या घरचं बी होतं ते."

चूक माझी होती. पण ती कबूल करण्याऐवजी मी म्हणालो, "वहिनी, एका दोडक्यासाठी कायले भांडता?"

"दोडक्यासाठी नाही. इचारलं नाही म्हनून. तलाव मोजून मोजून डोळे गेले तुमचे, जित्या वेलाले संपला म्हनता." मग म्हणाल्या, "या वर्षी खुट्याले माझा हात लागनार नाही. गाडा येकटेच. मी जाते लेकीकडं चिचगडले."

शुक्रवारी दुपारी मी एकट्यानेच खुटा गाडला. साडेचार फूट लांब, त्यातला सव्वा फूट जमिनीत. सबलीने, म्हणजे पहारीने, खड्डा घेतला, खुटा उभा केला, कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे बोथट बाजूने, ठोकला, माती दाबली, दोन्ही बाजूंच्या काट्या त्याला बांधल्या. नंतर माझ्या बाजूची माती दाताळ्याने सारखी केली. काम संपलं की स्वतःची पावलं पुसून निघायची माझी सवय आहे.

शनिवारी सकाळी खुटा बाहेर होता.

पडला नव्हता. उपटून माझ्या बाजूला, कुंपणाच्या ओळीला समांतर, नीट आडवा ठेवलेला होता. खड्डा बुजवून माती हाताने थापल्यासारखी सपाट केलेली. काट्या दोन्हीकडे सरकवलेल्या, मधे दीड फुटाची फट. माझ्या सारख्या केलेल्या मातीवर पाऊल एकही नाही, ना माणसाचं, ना ढोराचं.

पलीकडून हात घालून काढला असणार, एवढंच माझ्या मनात आलं. म्हणजे चिचगडला गेल्याच नाहीत. मी कुंपणाशी उभा राहून हाक मारली, "वहिनी, खुटा काऊन उपडला?"

उत्तर नाही. बोलायचं नाही तर नका बोलू, म्हणालो. खड्डा पावणेदोन फूट घेतला, खुट्याभोवती दगड ठासले, दगड मोजले, सतरा. दुपारी लसणाच्या पाकळ्या लावत बसलो होतो तेव्हा त्यांच्या घरातून भांड्याचा आवाज आला. ठण... ठण... मधे थोडं थांबून पुन्हा. त्यांचं घर त्यांच्या तुकड्याच्या पलीकडच्या टोकाला, कुंपणापासून चाळीस फुटांवर, आवाज स्पष्ट होता. रागाने भांडी आपटून राहिल्या, असं मी धरलं. एकदा मनात आलं, जाऊन यावं. पण गेलो असतो तर चूक माझी हे तोंडाने म्हणावं लागलं असतं. मी लसूण लावत राहिलो. एकशे चाळीस पाकळ्या लागल्या.

रविवारी सकाळी खुटा पुन्हा बाहेर. तसाच आडवा, त्याच जागी. सतरा दगड खड्ड्याशेजारी एका ओळीत मांडलेले.

आता मात्र मी चिडलो. पासष्टीची बाई एकटी एवढे ठासलेले दगड काढेल कशी, हा हिशेब करायला हवा होता. आयुष्यभर मी तेच करत आलो होतो, त्या दिवशी केला नाही. पुन्हा गाडला. मग चुलीतली दोन टोपल्या राख आणून खुट्याभोवती दोन्हीकडे पसरली, पलीकडे दाताळं पोचेल तिथवर, सगळीकडे चार फुटांचा पट्टा. भांड्याचा आवाज त्या दिवशी आला नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं. राग उतरला असेल, असं वाटलं.

सोमवारी सकाळी सूर्य नुकताच वर आलेला, धुकं नव्हतं, मला सगळं स्वच्छ दिसत होतं. खुटा राखेवर आडवा पडला होता. राखेत ना बोट उमटलं होतं, ना पाऊल. मी खुटा उचलला. त्याच्याखालची राखही तशीच होती, मी पसरली तेव्हा होती तशी. खुट्याचं वजन दहा-बारा शेर असेल. तेवढं लाकूड राखेवर ठेवलं आणि राख दबली नाही.

मी किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही. पण तेव्हाही मनात राग होता, हे लपवण्यात अर्थ नाही. खुटा खांद्यावर टाकला आणि त्या दीड फुटाच्या फटीतून आडवा होऊन पलीकडे गेलो. फट वहिनींच्या मागच्या दाराच्या बरोबर समोर पडते. दार लोटलेलं होतं. "वहिनी, हे काय लावलं आहे?" असं म्हणतच आत शिरलो.

वहिनी पाण्याच्या माठाजवळ जमिनीवर पडल्या होत्या. उजवा पाय मांडीतून वळलेला, सुजून काळानिळा. हाताशी रिकामा लोटा. शुक्रवारी संध्याकाळी पाणी घेताना ओल्या फरशीवर पाय घसरला होता. तेव्हापासून, म्हणजे दोन दिवस आणि तीन रात्री, त्या तिथेच होत्या. माठाचं बूड पाझरत होतं, तेवढ्या ओलीवर जगल्या. पुढचं दार आतून बंद. धान कापणीचे दिवस, लोक शेतात, आणि मोहल्ल्यात सगळ्यांना वाटलेलं की चिचगडला गेल्या.

त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे नाही, खांद्यावरच्या खुट्याकडे पाहिलं.

"हात लावाले आनला का?" आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. "लोटा वाजवला मी भाऊजी. मंग हात राहिला."

मी खुटा खाली ठेवला. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मी पाणी पाजलं तेव्हाही काढला नाही.

चौघांनी खाटेवर घालून त्यांना दोन मैलांवरच्या हाड बसवणाऱ्याकडे नेलं. म्हातारा होता, त्याने मांडी चाचपून पाहिली. मग मला विचारलं, "कवा पडली?"

"शुक्रवारी."

"आन आज सोमवार. शनिवारी आनली असती तं बसवला असता. आता सूज चढली. जीव वाचंल, पाय नाही."

तसंच झालं. वहिनी वाचल्या. पण पुढे कायम पाय ओढत, काठी धरून चालल्या.

महिनाभर त्या आमच्याच घरी होत्या. एक दिवस अंगणात मेथी निवडताना सहज म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी खुटा कायले घेऊन आले होते?" मी सांगितलं, खुटा आपोआप निघाला होता, तुम्हीच काढला असं वाटलं, म्हणून भांडायला आलो. दगड, राख, काहीच सांगितलं नाही.

"कितीदा निघाला?"

मी म्हणालो, "एकदा. सोमवारी सकाळी. लगेच आलो."

त्या मेथी निवडत हसल्या. "चांगले सुधारले तुम्ही. तुमचे दादा म्हनत, धाकट्याले कोनतीही गोष्ट तीनदा सांगा लागते, मंग समजते."

माझ्या हातातली जुडी तिथेच राहिली. त्यांना काही कळलं नव्हतं, त्या दादांच्या आठवणीने हसत होत्या. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढे दरवर्षी आम्ही दोघांनी मिळून खुटा गाडला, त्या काठी टेकवून बसायच्या आणि एक हात खुट्याला लावायच्या. दरवर्षी मनात यायचं, आज सांगू. बियाचं दोडकं मात्र मी पुन्हा कधी विचारल्याशिवाय काढलं नाही.

यंदा उन्हाळ्यात वहिनी गेल्या.

खुट्याबद्दल मी जमेल तेवढी चौकशी केली. माती सरकते का, मुळं वर ढकलतात का, कुणी खोड्या केल्या का. पुतण्या लढाईवरून आल्यावर त्यालाही जागा दाखवली. तो म्हणाला, "काका, वाऱ्यानं झालं असंल." दगडांची ओळ ऐकल्यावर त्याने वाऱ्याचं नाव पुन्हा काढलं नाही. उत्तर मला सापडलेलं नाही, आणि आता सापडेल असंही वाटत नाही.

परवा बाडी साफ केली. वेल उतरवले, वाफे पाडले, बाकीचे आठ खुटे तासून ठेवले. मधला भिंतीला टेकवून ठेवला आहे. पुतण्या म्हणतो, मी धरतो काका, तुम्ही ठोका. मी त्याला म्हणालो, थोडा थांब, आधी एक हकीगत लिहून मासिकाला पाठवायची आहे.

तीनदा निघाला होता, वहिनी. शनिवारी, रविवारी आणि सोमवारी.