तीन दगड दिसले तर पुढे: धुक्यातून जव्हार ते खोडाळा

खोडाळा सोडून नाशिकला मुलाकडे कायमचा राहायला जातोय, शनिवारी दुपारी बाराला जीप येणार आहे, असं यशवंताचं पोस्टकार्ड आलं आणि मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली. यशवंता आणि मी खोडाळ्याच्या शाळेत नऊ वर्षं मास्तर होतो. एकाच खोलीत राहायचो, एकाच स्टोव्हवर भात शिजवायचो. तो गणित शिकवायचा, मी मराठी. पुढे माझी बदली झाली. त्याने मात्र तिथेच घर बांधलं. नाशिकला तो मला केव्हाही भेटला असता, हे कळत होतं. पण मला तो त्या घराच्या ओट्यावर बसलेला बघायचा होता. शनिवारी बारानंतर ते घडणार नव्हतं.

भाचा नितीन म्हणाला, "मामा, एस्टीने नको. मला दोन दिवस सुट्टी आहे, गाडी मी चालवतो." नितीन चाळिशीचा, विमानाचा कप्तान. सुट्टी म्हणजे नावाचीच, कारण मागच्या सीटवर त्याची जाड फाइल होती. बुधवारी त्याची परीक्षा होती, दाट धुक्यात विमान उडवण्या-उतरवण्याची. ती सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या विमानात घेतात. एकदा तो तिच्यात नापास झाला होता. कसा, ते त्याने सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ठाण्याहून निघालो. मनोरपर्यंत हमरस्ता, तिथून उजवीकडे वळून विक्रमगडमार्गे जव्हार. पुढे खड्डे मोजायचे नाहीत. चार तास धरून चला. उरलेला दीड तास शनिवारी सकाळी करू म्हणून जव्हारलाच थांबलो; बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये अडीचशे रुपयांत दोघांची खोली मिळाली. गरम पाणी हवं असेल तर रात्रीच सांगून ठेवावं लागतं. खाली खानावळीत नाचणीची भाकरी आणि उडदाचं वरण. नितीनने दोन भाकऱ्या खाल्ल्या, मी तीन.

संध्याकाळी गावाबाहेरच्या कड्यावर गेलो. दरीतून धुकं वर येत होतं. भाद्रपदात इथे ते रोजचंच. मला चौथीच्या पुस्तकातली एक कविता आठवली आणि मी ती मोठ्याने म्हणू लागलो. कवितेतलं धुकं नेहमी कुणाच्या तरी अंगावर शाल घालत असतं. नितीन ऐकत होता, पण डोळे बारीक करून समोरच्या झाडांकडे बघत.

"काय बघतोस?"

"शंभर मीटर असेल. त्याहून कमीच."

त्याच्या धंद्यात धुकं मीटरमध्ये मोजतात. धावपट्टीच्या कडेला यंत्रं असतात, ती आकडा सांगतात. आकडा कमी असला की निघायचं नाही. मनाला काय वाटतंय हे तिथे कुणी विचारत नाही. आणखी एक गंमत त्याने सांगितली. उडायला लागतं त्यापेक्षा उतरायला बऱ्याचदा जास्त दिसावं लागतं. त्यामुळे जिथून उडालो तिथे परत टेकता येईलच असं नाही. म्हणून निघण्याआधीच जवळचं दुसरं मोकळं विमानतळ ठरवून ठेवायचं.

मी म्हटलं, "पण आता म्हणे विमान आपलं आपण उतरतं."

"उतरतं. धावपट्टीकडून रेडिओचा झोत येतो, तो धरून यंत्र खाली आणतं."

"मग तुम्ही दोघं काय करता?"

"संशय घेतो," तो हसून म्हणाला. "सहवैमानिकाची नजर शेवटपर्यंत आत, काट्यांवर. माझी बाहेर, हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावर. ठरलेल्या उंचीवर, समजा पन्नास फुटांवर, ओळीने तीन दिवे दिसले तर 'उतरतोय' म्हणायचं. दोन दिसले तर पुन्हा वर."

"दोन आणि तीन यात असा काय मोठा फरक आहे?"

"काही नाही. म्हणून तर आधी ठरवायचं, मामा. पन्नास फुटांवर वाद घालायला वेळ नसतो."

शनिवारी साडेआठला निघालो तेव्हा लॉजचं फाटकसुद्धा नीट दिसत नव्हतं. मोखाडा पंचवीसेक किलोमीटर, तिथून खोडाळा आणखी वीसेक. एरवी दीड तासाचं काम, आज साडेतीन तास हाताशी. नितीनने खोली सोडली नाही. "आपलं दुसरं विमानतळ," म्हणाला. मग गाडी सुरू करायच्या आधी नियम सांगितले. घाटाच्या कडेला चुना लावलेले दगड आहेत, ते माझ्या बाजूला येणार. ते मी मोजायचे. ओळीने तीन दिसत असतील तर पुढे. दोन दिसले तर थांबायचं आणि मागे ओलांडलेल्या शेवटच्या टपरीवर परत यायचं. मी 'थांब' म्हटलं तर तो थांबणार, तो थांबला तर मी का ते विचारायचं नाही.

"आणि घाटात कविता नाही."

"कविता कशाला नको?"

"दहा हजार फुटांखाली आम्ही कामाशिवाय एक शब्द बोलत नाही. नियम आहे."

मोखाड्याच्या वाटेवर पहिल्या टपरीपाशी सव्वानऊ वाजले. पुढे वळणं सुरू झाली. नितीन सायकलच्या वेगाने चालवत होता. मी म्हणत होतो, "तीन... तीन... तीन." ओल्या हवेत चुन्याचे पट्टे एकेक करून वर यायचे आणि मागे जायचे. मधूनच तोंडाशी कवितेची ओळ यायची, ती मी गिळायचो. साडेनऊ झाले, पावणेदहाला आणखी एक टपरी मागे पडली. एवढ्यात एका वळणावर पट्टे फिके झाले. पहिला दिसला. दुसरा दिसला. हे वळण मला माहीत होतं. आतल्या अंगाला करवंदीचं रान, बाहेरच्या अंगाला तीन दगड. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर जव्हारच्या बाजाराला जाताना यशवंता आणि मी सायकली टेकवून इथेच बिडी ओढायचो.

"तीन," मी म्हणालो.

नितीनने गाडी थांबवली.

"अरे, तीन म्हटलं ना?"

त्याने हातब्रेक ओढला, छत्री घेतली आणि दगडाला हात लावत लावत पायी पुढे गेला. मीही उतरलो. पहिला दगड, दुसरा दगड, आणि मग काही नाही. रस्त्याची कड पावसाने खाली नेली होती. तिसरा दगड आठ-दहा फूट खाली झुडपात आडवा पडला होता. त्याचा चुना वरून दिसतही नव्हता.

नितीन रागावला नाही. फक्त म्हणाला, "मामा, तुम्ही पाहिलंत की आठवलंत?"

मी गाडीत जाऊन बसलो.

मागे टपरीवर आलो तर तिथे एक वडापची जीप उभी होती, आत माणसं कोंबलेली. जीपवाल्याने चहाचा ग्लास ठेवला. "चला बाबा, मोखाड्याला सोडतो. तुमच्या गाडीला भ्या वाटत असंल, मला रस्ता पाठ हाय."

दहा वाजून गेले होते. त्या जीपमध्ये बसलो असतो तर बाराच्या आत खोडाळ्याला पोचण्याची आशा होती. नितीन चहा सांगायला गेला. माझ्याकडे बघतही नव्हता. मी पिशवी उचलली. मग खाली ठेवली आणि जीपवाल्याला त्या वळणाचं सांगितलं.

"कंचा दगड? काल तर व्हता."

"आज नाही. मलाही पाठ होता."

टपरीवाली बाई आतून म्हणाली, "बस रं बाबा खाली. मान्सं भरलीत तू, लाकडं नाय."

माणसं हसली. जीपवाला डोकं खाजवत बसला, मग कोयता मागून उठला. तो आणि नितीन फांद्या तोडून त्या वळणापर्यंत चालत गेले आणि रस्त्यावर, तुटलेल्या कडेच्या दोन्ही बाजूंना, पाल्याचा ढीग रचून आले. इकडची ही पद्धत लक्षात ठेवा: रस्त्यात मधेच हिरव्या फांद्या दिसल्या तर कुणी गंमत केलेली नसते, पुढे काहीतरी बिघडलेलं असतं.

सव्वाबारापर्यंत धुकं हललं नाही, फोनला रेंजही नव्हती. त्या वेळात नितीनने नापास कसा झालो ते सांगितलं. "दिल्लीची धावपट्टी होती. तिथे मी इतक्या वेळा उतरलोय की डोळे मिटून चित्र काढीन. पन्नास फुटांवर दोन दिवे दिसले आणि मी 'उतरतोय' म्हणालो. विमान छान उतरलं, अगदी मधोमध. परीक्षकाने यंत्र बंद केलं आणि विचारलं, तिसरा कुठे होता? मी म्हटलं, होता की. तो म्हणाला, मी तो लावलाच नव्हता."

धुकं उठलं तसं निघालो. दोन वाजता खोडाळ्यात. बाजारातून घरापर्यंतची वाट मी न विचारता दाखवली, आणि एकदा चुकलो. यशवंताच्या दाराला कुलूप होतं. अंगण झाडलेलं, ओटा नुकताच सारवलेला. शेजारची म्हातारी भाताच्या बांधावरून आली.

"मास्तर गेलं. इगतपुरीच्या वाटंनं. ह्या बाजूनं धुकं, म्हून तिकून."

"काही म्हणाले?"

"येक वाजेपत्तर जीप थांबिवली. डायवर बोंबलत व्हता. मग मास्तर म्हनलं, माझा दोस्त कुठंतरी धुक्यात उभा राहून कविता म्हनत असंल, चला आता."

नितीनला हसू आवरेना. मला राग यायला हवा होता, पण मीही हसलो आणि ओट्यावर टेकलो. माझ्या मनात या घरासमोर शाळेचा मोठा आंबा होता. तिथे आंबा नव्हता. म्हातारी म्हणाली, कधीच नव्हता, उंबर होता, तोही पडला. अर्धा तास बसलो. समोर नाचणीचं शेत होतं, पलीकडे शाळेचे नवे पत्रे. तेवढं मी पाहिलं.

यशवंताला मी रविवारी फोन केला. तो म्हणाला, "आदल्या दिवशी यायला काय झालं होतं तुला? गणितात कच्चा तो कच्चाच राहिलास." आता नाशिकला जायचं आहे. त्याच्या मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसू. ते खोडाळा नव्हे, याची मला कल्पना आहे.

तुम्ही जाणार असाल तर भाद्रपदात जरूर जा, डोंगर तेव्हाच असे हिरवे असतात. फक्त कुणाला वेळ दिली असेल तर एक दिवस आधी मुक्कामाला पोचा. मी या ब्लॉगवर खोडाळ्याबद्दल याआधी जे लिहिलं आहे त्यातला आंबा मात्र काढून टाकला आहे. आणखी काय काय काढावं लागेल, ते एकेक तपासतो आहे.

बुधवारी संध्याकाळी नितीनचा फोन आला.

"मामा, आजही दिल्लीच होती."

"किती दिसले?"

"दोन."

"मग?"

"मग वर गेलो."