कात्रज ते कोथरूड, एका निळ्या हॅचबॅकसाठी

लोक सुट्टीत कोकणात जातात. मी शनिवार-रविवार पुण्यातल्या पुण्यातच फिरले, जुनी गाडी शोधत. तुमच्याही मनात असेल तर हे वाचा.

कारण बाबा होते. अपघातानंतर त्यांचा डावा घोटा वळत नाही. जुनी गाडी त्यांनी विकून टाकली, आठ महिने डॉक्टरांकडे गेले नाहीत आणि खिडकीशी बसून राहिले. त्यांना पुन्हा बाहेर न्यायचं होतं. त्यासाठी मला हवी होती मोठी, ऐसपैस हॅचबॅक: दार रुंद, सीट पलंगाच्या उंचीची आणि गिअर ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिक माझ्यासाठी, कारण चढावर गाडी बंद पडेल या विचारानेच माझे तळवे ओले होतात.

बाबांच्या धरणांवरच्या नोकरीतल्या बदल्यांमुळे माझी पहिली-दुसरी घरीच झाली, त्यांच्या हाताखाली. उत्तर आलं तरी पुन्हा तपासायचं, हे तेव्हापासून अंगात मुरलंय. त्यामुळे शनिवारी सकाळी आधी बुधवार पेठेतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठला आणि गाडीला जोडून बिघाड वाचणारं छोटं यंत्र घेतलं. साधारण दोन सिनेमांच्या तिकिटांएवढी किंमत. घ्याच. तिथून बसने कात्रज. रस्ता खोदलेला होता, तासभर जास्तीचा धरा.

तिथल्या जुन्या गाड्यांच्या आवारात एक पांढरी हॅचबॅक लखलखत उभी होती.

"डॉक्टरची गाडी हाय मॅडम. एकच मालक. डोळे झाकून घ्या."

मी डोळे उघडे ठेवून डिकीतलं कार्पेट उचललं. खाली गंजलेले बोल्ट आणि कुबट वास.

"ही पुराच्या पाण्यात होती का?"

"पुण्यात पाण्यात कोण नव्हतं, मॅडम?"

तो इतकं मनापासून म्हणाला की मला हसू आलं. शेजारच्या टपरीवर वडापाव खाल्ला (मिरची जपून) आणि परत आले. रात्री बाबांनी "मिळाली का?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. गाडीत काय काय हवं याची मी केलेली यादी टेबलावर होती, ते बराच वेळ तिच्याकडे बघत होते.

रविवारी कोथरूड. एका सोसायटीत राहणारे निवृत्त शिक्षक आपटेकाका त्यांची निळी गाडी विकणार होते. जाहिरातीत 'देखणी आणि सोयीची' असं लिहिलं होतं. मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. थंड इंजिनच खरं बोलतं. मी बॉनेटला हात लावून पाहिला.

"गार आहे. सांगितलंत तसं केलंय," काका म्हणाले. "आता दोष ऐका. मागच्या दारावरचा ओरखडा माझा. पुढचा हिचा."

"पुढचाही यांचाच," काकू वरून, गॅलरीतून.

यंत्राने एकही बिघाड दाखवला नाही. सर्व्हिसच्या पावत्या ओळीने लावलेल्या होत्या. कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्रही होतं. मी टेप काढून सीटची उंची मोजली, मग दाराची रुंदी, मग पुन्हा सीटची उंची. काकू चहा घेऊन खाली आल्या.

"कुणासाठी मोजतेस गं?"

मी सांगितलं.

"मापं आणलीस, माणूस नाही आणलंस?"

बाबांना त्रास नको म्हणून मी त्यांना घरी ठेवलं होतं. आठ महिने हेच करत होते मी. फोन केला. वाटलं, नाहीच म्हणतील.

अर्ध्या तासात रिक्षा आली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून उतरले. मी मागचं दार उघडून धरलं होतं, उंची बघायला घरून आणलेली उशीही सीटवर ठेवली होती. ते काठी टेकत माझ्यासमोरून गेले, बॉनेटला वळसा घातला आणि चालकाच्या जागेवर बसले.

"हिला क्लच नाही ना?"

"नाही."

"मग डाव्या पायाचं काय काम?"

मी ऑटोमॅटिक शोधत होते माझ्या भीतीपोटी. हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

"बाबा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तू यादी केलीस तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? उशी जाड हवी की पातळ, तेवढंच विचारलंस."

त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. यंत्र जोडताना काकांनी दिलेली ती अजून माझ्या मुठीत होती, घामाने ओली. त्या हाताला नाही म्हणणं मला जमेल असं वाटलं नव्हतं.

"डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही, बाबा."

बाबांनी स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "उद्याची वेळ घे."

गाडी घेतली. डॉक्टरांनी पाय तपासला, ब्रेक किती जोरात दाबता येतो ते पाहिलं आणि लेखी दिलं. विमा कंपनीला मी दोनदा विचारलं. आरटीओचे कागद मात्र वेळ खातात, तेवढी तयारी ठेवा. मग महिनाभर रोज सकाळी बाबा चालवत आणि मी शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत असे.

काल ते दूध आणायला एकटे गेले. डेअरी पाच मिनिटांवर आहे. ते दीड तासाने आले, दूध विसरून. कुठे गेला होतात, असं मी विचारलं नाही. त्या दीड तासात फोन माझ्या हातातच होता. तो मी केला नाही.